तारखेपुरता जागा

“निर्दोष ठरेपर्यंत मला विझू देऊ नकोस, मालन,” तुरुंगाच्या दवाखान्यात रघुवीर म्हणाला होता. तो गेला, पण अपील चालू राहावं म्हणून कोर्टाने त्याचं मन यंत्रात जपलं. दर तारखेला तो जागा होई तो आपण मेल्याचं विसरूनच, आणि ते त्याला बायकोनेच सांगायचं असा नियम होता.

“वहिनी, बंद करा ना आता,” शिरस्तेदार म्हणाले. “किती वेळा मारायचं त्यांना?”

“बंद केलं की अपील संपतं, भाऊसाहेब. खुनाचा डाग तेवढा मागे राहतो.”

पुकारा झाला. आतून उत्साहाने हाक आली, “मालन, आज चतुर्थी ना गं? उपास सोडायला घरीच येतो बघ!”

मालनने पदर सावरला आणि “अहो, जरा ऐका,” म्हणत ती आत गेली.