डावीकडचं तळं

“अहो, डावीकडे दरी आहे, जरा आत घ्या... झाड आलं... कठडा संपला बघा!”

लहानपणी सुट्टीत घाटातून जाताना आईचा हा आवाज वाटभर चालायचा. मागच्या सीटवर मी आणि दादा कानांत बोटं घालून बसायचो. “आपल्या गाडीला दोन हॉर्न आहेत,” दादा म्हणायचा. बाबा मात्र हूं की चूं न करता ऐकायचे, आणि वर तळं आलं की विचारायचे, “आज पाणी कसं दिसतंय गं?” मग आई तेही सांगत बसायची.

आज पहिल्यांदा स्टिअरिंग माझ्या हातात होतं. आई शेजारी, बाबा मागे. जंगल काय सुरेख हिरवं झालं होतं, पण आई सुखानं बघू देईल तर शपथ! “डावीकडे दगड आहे हं... सायकलवाला आहे... पुढे काठ खचलाय...” तळं येईपर्यंत माझं डोकं पार उठलं.

“आई, पुरे! मला डोळे आहेत!” मी ओरडलेच.

ती एकदम गप्प झाली आणि खिडकीकडे तोंड करून बसली. मी आरशातून मागे पाहिलं. “बाबा, इतकी वर्षं हिची टकळी तुम्ही कशी सहन केलीत हो?”

तळं आमच्या डाव्या हाताला सोबत चाललं होतं.



“डाव्या डोळ्यानं मला कधीच दिसलं नाही, बाळा. तिकडचं सगळं मी हिच्या तोंडूनच पाहिलंय.”