बोगद्यातली बोट

भिंगरीनं टाचा उचलल्या, मान ताणली, तरी लाकडी जिराफाच्या हातातली पट्टी तिच्या डोक्याच्या वीतभर वरच राहिली.

"नाही हो, हिला नाही बसवता येणार," पाळण्यावरचा माणूस म्हणाला.

भिंगरीचा खालचा ओठ पुढे आला. सकाळपासून तिच्या बाबाला एकच धास्ती होती, ही रडायला लागली तर गप्प कसं करायचं? चार वर्षांची पोर, पण तिला काय आवडतं, कशाची भीती वाटते, काही म्हणजे काही त्याला ठाऊक नव्हतं.

"झुकझुकगाडीत बसू या," मामा मागून म्हणाले. "तिघंही मावू एका डब्यात."

मामांचं हे 'तिघंही' सकाळपासून चाललं होतं. फाटकापाशी भिंगरीची आई "मामांना त्रास देऊ नकोस हं" असं बजावून गेली, तेव्हापासून मामांनी पाठ सोडली नव्हती. घोड्यांच्या चक्रावर बापलेक घोड्यावर, तर मामा सुटलेलं पोट सावरत मागच्या बदकावर. भिंगरीला शू करायला नेलं, तरी मामा दाराशी उभे.

"तुम्ही दमला असाल, मामा. चहा घ्या. आम्ही दोघं एक चक्कर मारून येतो," त्यानं मघाशी म्हणून पाहिलं होतं.

"मी कुठं दमलोय?" मामा हसले होते, आणि तो विषय तिथंच मिटला होता.

झुकझुकगाडी बागेला वळसा घालू लागली. भिंगरी थोडा वेळ खिडकीतून बघत राहिली, मग तिनं विचारलं, "बाबा, तुझी बोट याच्यापेक्षा मोठी असते?"

"खूप मोठी."

"मग मी आणि आई का नाही मावत?"

"तिथं फक्त कामाची माणसं घेतात गं."

"आज पण जाणार?"

"उन्हं उतरायच्या आत हजर व्हायचंय," उत्तर मामांनी दिलं आणि ते बाहेर बघू लागले.

गाडी थांबते न थांबते तोच भिंगरी ओरडली, "बोट! बाबा, बोट!" पिवळ्या छोट्या बोटी एकामागून एक बोगद्याच्या काळ्या तोंडात शिरत होत्या. "मला बोटीत बसायचंय! तू चालव!"

"ती नको," मामा घाईनं म्हणाले. "आत अंधार आहे. घाबरेल पोर."

"मी नाही घाबरत!"

"आणि दोघांचीच आहे ती."

"म्हणूनच म्हणतो," तिचा बाबा हळूच म्हणाला. "एकच फेरी, मामा. सकाळपासून ती माझ्याशी आत्ता कुठं धड बोलायला लागलीय."

मामांनी बोगद्याची दोन्ही तोंडं नजरेनं मोजली. "मी पलीकडच्या तोंडाशी उभा राहतो. सरळ तिथंच यायचं. काही कमीजास्त झालं तर जाब मला द्यावा लागेल, लक्षात ठेवा."

"येतो," तो म्हणाला.

आत गारवा होता. प्लास्टरचा अष्टपाद डोळे मिचकावत होता. भिंगरीनं बाबाचा हात घट्ट धरला, आणि त्याला वाटलं, आता सगळं जमलं. तेवढ्यात बोटीला हिसका बसला. दिवे गेले. पाण्याचा आवाजही थांबला.

"बाबा?"

"आहे मी. इथंच आहे."

भिंतीतलं एक दार करकरत उघडलं. बॅटरीवाला कामगार आत डोकावला. "यंत्र बिघडलंय. उतरून घ्या. इकडून थेट रस्त्यावर निघाल."

पुढच्या बोटीतलं जोडपं पोराला घेऊन उतरलं, दाराबाहेर गेलंसुद्धा. त्यानं भिंगरीला कडेवर घेतलं आणि एक पाय काठावर ठेवला. दारातून रस्ता दिसत होता. एक बस उभी होती, तिचं इंजिन सुरूच होतं. आजूबाजूला चिटपाखरू नव्हतं.

"बाबा, तू बोट सोडून चाललास?"

तो तसाच थांबला. एक पाय काठावर, एक बोटीत.

"आणि मामा? तो तिकडं वाट बघतोय ना?"

"चला साहेब, लवकर," कामगार म्हणाला.

बस हलली, दारासमोरून निघून गेली. त्यानं काठावरचा पाय मागे घेतला.

"आम्ही बसतो. सुरू होईलच की."

"बसा बापडे," असं म्हणून कामगार निघून गेला. दार मात्र उघडंच राहिलं. भिंगरीच्या बाबानं दाराकडे पाठ केली, भिंगरीला मांडीवर घेतलं आणि अंधारात जोरात भोंगा वाजवला, "भोंऽऽ!" भिंगरी खिदळली. मग तिनंही वाजवला. दिवे येईपर्यंत दोघांचे घसे बसले होते.

बोट बाहेर आली, तेव्हा मामा कठडा ओलांडून गुडघाभर पाण्यात उभे होते. चेहरा पांढराफटक पडला होता.

"माणसं मागच्या दारानं बाहेर पडली, असं सांगितलं मला," मामा म्हणाले. "मला वाटलं..."

"बोट बंद पडली होती."

मामांनी तोंड पुसलं. मग कुणी न मागताच त्यांनी तिघांसाठी आइस्क्रीम आणलं आणि ओल्या बुटांनिशीच बाकावर बसून स्वतःचं संपवलं.

फाटकापाशी टॅक्सी उभी होती. "आई, बाबाला बोट कित्ती छान चालवता येते!" भिंगरी लांबूनच ओरडत सुटली. आईनं तिला उचललं, त्याच्याकडे एकदा बघितलं आणि मान हलवली. टॅक्सीच्या मागच्या काचेतून एक छोटा हात हलत राहिला.

"मामा, ती दिसेनाशी होईपर्यंत थांबाल?"

"थांबतो की," मामा म्हणाले.

टॅक्सी वळणाआड गेली. मग हवालदारमामांनी शर्टाखालून बेडी काढली, आणि त्यानं न सांगताच दोन्ही हात पुढे केले.