शमीमची नानकटाई

बजाजनगरच्या घरात ओव्हन आला, तसा मी लहानपणीच्या चवींवर बेकिंगचा ब्लॉग सुरू केला. आईला वाचता येत नाही, म्हणून प्रत्येक लेख मी तिला वाचून दाखवायचे. त्या दुपारी ‘माझ्या आईची नानकटाई’ असं शीर्षक वाचलं आणि ज्वारी निवडणारा तिचा हात थांबला. “ती माझी नाय, शमीमची हाय,” ती म्हणाली. “मुकुंदवाडीला शेजारी होती. दुष्काळात टँकरच्या रांगेत आमची लई गट्टी जमली. तिनंच शिकवली.” “मग तुझी म्हणून का सांगितलीस?” मी विचारलं. “तुझ्या आजीला खरं कळलं असतं, तर तिनं घरात कुणाला खाऊ दिली नसती. शमीमच म्हणली, ‘आवडा, तुझी म्हणून सांग, लेकरं खातील तरी.’ पुढं रस्ता रुंद करताना त्यांचं घर गेलं, अन् ती कुठं गेली, कळलंच नाय. आता तुझी आजी नाय राहिली. शमीमचं नाव लिही.” मी शीर्षक बदललं आणि आईनं सांगितलेलं सगळं जसंच्या तसं लिहिलं. चौथ्या दिवशी लेखाखाली एका अनोळखी बाईनं लिहिलं, “मैं शमीम की बेटी. अम्मी को पढ़के सुनाया. वो पूछ रही, आवडा अब भी घी कम डालती क्या?” मी ते मोठ्यानं वाचलं. आईनं पदर तोंडाला लावला. मग म्हणाली, “लिही, पत्ता दे म्हणावं. डबा घेऊन येते, खाऊन बघ अन् मग बोल.”