बसका आवाज

दिवसभर रेल्वेच्या डब्यांखाली वाकून शिकाऊ इंजिनीअर मुलीच्या कंबरेचा काटा ढिला झाला होता. मिस्त्रीकाकांनी शेवटच्या चाकावर हातोडी मारली.

"ठीक आहे. लिही, आणि सुटू दोघं घरी."

धड चाक घंटेसारखं खणखणतं; तिला हा आवाज बसका वाटला. गप्प राहिली असती तर सुटली असती. पण तिने टॉर्च मारून पाहिलं. चाकाच्या कडेला केसाएवढी चीर होती.

डबा काढावा लागला. गाडी दोन तास रखडली. साहेबांनी दोघांना फैलावर घेतलं.

साहेब गेल्यावर काका तिथेच रुळावर टेकले.

"काका, तुम्हाला तो आवाज कसा नाही जाणवला?"

"वर्ष झालं पोरी," ते हळूच म्हणाले, "मला सगळी चाकं सारखीच ऐकू येतात."