फाटकातली झडती

बागेतली अवजारांची खोली फोडून चोरांनी गवत कापायचं यंत्र पळवलं, तेव्हा मीच लेकाला म्हटलं, दार पक्कं कर. त्याने लोखंडी पट्टी ठोकली, नवं कुलूप लावलं, खिडकीला जाळी बसवली. चांगलं केलं. पण संध्याकाळी बघते तर हा फाटकात उभा राहून माळ्याची पिशवी उपसतोय! ज्या माणसाने मुरमातून आमची बाग उभी केली, त्याचा रिकामा डबा आणि घामेजलेला सदरा शेजाऱ्यांदेखत कठड्यावर मांडलेला. माळी मान खाली घालून उभा. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. घरातून माझी पिशवी आणली, लेकाच्या पायाशी पालथी केली. “घे, माझीही तपास. त्या खोलीची किल्ली त्याच्यासारखी माझ्याकडेसुद्धा होती.” “आई, चारचौघांत काय हा तमाशा?” लेक कुजबुजला. “हेच त्या माळ्यालाही तुला विचारायचं होतं,” मी म्हटलं. “पण त्याचं पोट तुझ्या हातात आहे, माझं नाही.”