दुसऱ्या बोटाची कळ

सिस्टरने एक पट्टा कुमुदताईंच्या मनगटावर बांधला, दुसरा त्यांच्या नवऱ्याच्या, भालचंद्ररावांच्या.

"काका, आता त्यांना जिथे दुखेल तिथेच तुम्हालाही थोडं दुखेल."

दोन महिने मोजे घालताना कुमुदताई लाथा झाडत होत्या. कुठे दुखतंय विचारलं तर नुसत्या हसायच्या. स्मृतिभ्रंशात माणूस हट्टी होतोच, असं सगळे म्हणायचे.

भालचंद्ररावांनी मोजा चढवायला घेतला आणि त्यांच्याच पायाच्या दुसऱ्या बोटात कळ उठली. त्यांनी नवलाने स्वतःचं बोट चाचपलं, मग तिचं पाहिलं. सुजलेल्या बोटात चांदीचं जोडवं रुतलं होतं. दुसऱ्या पायातही तेच.

"आंघोळ घालताना दिसलं नाही?"

"दिसायचं की. मीच घासूनपुसून लख्ख ठेवायचो. पण मी जिवंत असताना तिची जोडवी कशी उतरवायची?"

सिस्टरने दोन्ही जोडवी कापून काढली. भालचंद्ररावांच्या बोटातली कळ थांबली.

कुमुदताई आपल्या मोकळ्या बोटांकडे बघत राहिल्या. मग त्यांनी भालचंद्ररावांनाच हळूच विचारलं, "आमचे हे गेले का हो?"

भालचंद्ररावांच्या छातीत दुखलं. हे दुखणं दोघांपैकी कुणाचं, असं त्यांनी सिस्टरला विचारलं.