पाणी मारायचे दिवस

खुर्चीत रेललेल्या सोपानमामांच्या तळहातावर मी दोन स्क्रू ठेवले. एक गुळगुळीत, एक खडबडीत. "मामा, पडलेल्या दाताच्या जागी यातला कुठला बसवू?"

जन्म गवंडीकामात गेलेल्या मामांनी दोन्हींवरून अंगठा फिरवला. "खडबडीत. भिंतीला छिन्नीनं टाचे मारल्याशिवाय गिलावा धरतो होय?"

मी खूश झाले. "अगदी तसंच! खडबडीत स्क्रूवर रक्त धरून राहतं. मग तिथं बारीक बारीक नव्या रक्तवाहिन्या येतात, त्यांच्या जिवावर हाड वाढतं आणि स्क्रूला घट्ट धरतं."

"म्हणजे पाणी मारायचं काम रक्त करतं. किती दिवस?"

"तीन महिने. तोवर त्या बाजूनं कडक काही चावायचं नाही. घाई केली तर स्क्रू हलेल."

मामांची नजर समोरच्या भिंतीकडे गेली. तिथला तडा मी हसऱ्या दातांच्या पोस्टरनं झाकला होता. गिलावा मामांनीच केलेला. दहा दिवस पाणी मारा, असं ते बजावून गेले होते. मला दवाखान्याच्या उद्घाटनाची घाई. तिसऱ्याच दिवशी रंग मारून घेतला. भिंत तडकल्यावर मात्र मीच गावभर सांगत सुटले, सोपान गवंड्याच्या कामात दम नाही.

मामा दाताच्या फटीतून हसले. "बसवा की, डॉक्टरीणबाई. तिसऱ्या दिवशी चकली खातो. स्क्रू हलला, तर गावभर तुमचं नाव सांगतो."